मदत हवी आहे: सोडवलेल्या पहाडी पोपटांची डीएनए टेस्ट, रक्त की पिसं?

ठाण्यात ज्या पक्षी केंद्रात मी रविवारी मदतीला जाते तिथे वनखात्याने आणून दिलेले 9 पहाडी पोपट आहेत, टेम्पोत मिरचीच्या क्रेटखाली सापडलेले. छाटलेली पिसं गळून नवी येतायत (एकाची जरा वेडीवाकडी), उडायलाही लागलेत, एक महाराज तर पिंजऱ्याची कडी चोचीने उघडतात आणि परत आत जाऊन बसतात.

आता सोडायचे कुठे? एक दादा म्हणाले येऊरला सोडा, जंगलच आहे की. पण आले कुठून तेच माहीत नाही, टेम्पोवाल्याने दोनदा विचारलं तर दोन जिल्हे सांगितले. उत्तरेकडची उपजात वेगळी म्हणतात, ते इथे मिसळले तर? शिवाय नर-मादी कळत नाहीत, खांद्यावर लाल डाग दोघांनाही आणि नराच्या गळ्यातला कंठ यायला दोन-तीन वर्षं जातात.

गळलेली पिसं चालतील का? डबाभर जमवलीत, हसू नका. आणि लॅबला आपणच पाठवायचं का?

---

ताई, गळलेल्या पिसांत डीएनए फार कमी मिळतो, तो मुळाशी असतो. डॉक्टरांकडून छातीवरची 4-5 पिसं उपटून घ्या, मुळाला हात न लावता, प्रत्येकाचं वेगळं कागदी पाकीट, प्लास्टिकमध्ये दमट होऊन बुरशी धरते. फिल्टर पेपरवर रक्ताचा थेंब मिळाला तर आणखी बरं. नर-मादी सोपं आहे, पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं (क्रोमोसोम) मादीत झेड-डब्ल्यू, नरात झेड-झेड, म्हणून त्यांच्यावरच्या सीएचडी नावाच्या जीनच्या टेस्टमध्ये मादीच्या दोन रेघा दिसतात, नराची एक. उपजातीचं काम किचकट, तुलनेला ठिकाण माहीत असलेले जंगली नमुने लागतात. त्यासाठी हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राची सरकारी संशोधन संस्था) किंवा देहरादूनची डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था), पण वनखात्याच्या पत्रानेच, हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 2 मधला आहे, परस्पर कुरिअर अजिबात नको.

आणि आधी पीबीएफडीची टेस्ट करा, चोच आणि पिसं खराब करणारा व्हायरस आहे तो, याच नमुन्यांत कळतो. एक जरी पॉझिटिव्ह निघाला आणि सोडलात तर येऊरच्या जंगली पोपटांत पसरेल.

---

बापरे, ती वेडीवाकडी पिसं छाटल्यामुळेच असतील असं धरून बसले होते मी! त्याला आजच वेगळा ठेवायला सांगते, डॉक्टरांना फोटोही पाठवते. डब्यातली पिसं मग टाकून देऊ की तीही दाखवू?