मदत हवी आहे: खंडाचं रान मोजायला मोबाईल पुरतो का वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं?

नमस्कार मंडळी. प्रयाग चिखलीच्या बाजूला पंचगंगेकाठचं एक पट्टीचं रान खंडानं घ्यायचं चाललंय. खंड गुंठ्यावर ठरणार. रुंदी साधारण ७० फूट, लांबी ६००. म्हणजे १०८९ नं भागलं की साडेअडतीस गुंठे. मोबाईलच्या ॲपनं बांधावरून फेरी मारली, तर सकाळी एक आकडा आणि दुपारी दुसरा, चार गुंठ्यांचा फरक! मालक म्हणतोय मोठा आकडाच खरा. (म्हणणारच.)

उघड्या आभाळाखालीसुद्धा मोबाईल पाचेक मीटर इकडंतिकडं दाखवतो, हे ठाऊक आहे. पण दोन्ही लांब बांध नुसते पाच-पाच फूट बाहेर सरकले तरी ६००० चौरस फूट वाढतात, साडेपाच गुंठे. चौरस रानाला एवढा मार बसत नाही. आता रान मोकळं आहे, पण दोन्ही अंगाला शेजाऱ्यांचा उभा ऊस. हातात धरायचं यंत्र घेतलं तर हे सुधारेल का?

उत्तर १: एवढ्यासाठी घेऊ नका. त्याचा अँटेना मोठा असतो, बॅटरी टिकते, पावसात भिजलं तरी चालतं. अचूकता मात्र उघड्यावर मोबाईलच्याच आसपास, कारण उपग्रह तेच. कुणाकडं एल१ आणि एल५ (उपग्रहाच्या सिग्नलच्या दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी) दोन्ही पकडणारा मोबाईल असला तर तो मागून घ्या. उसावर, झाडांवर आपटून येणारा सिग्नल तो जास्त चांगला वेगळा करतो. फेरी एका दमात मारा. थोड्या वेळात चूक फारशी बदलत नाही, सगळं रान एकाच दिशेला सरकतं आणि क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं. मधेच बांधावर गप्पा मारत बसला की संपलं.

उत्तर २: सेंटीमीटरमधली अचूकता हवी तर रोव्हर, म्हणजे मोजणीचं खास उपग्रह यंत्र, लागतो. जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून त्याला दुरुस्ती मिळत राहते. भूमी अभिलेखच्या मोजणीत आता तो वापरतात. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच मागवा. खंडाला एवढा खटाटोप कशाला? टेप धरा.

धागाकर्ता: टेप आहे घरात. पण नदीकडचा बांध वाकडा आहे, मग रुंदी कुठली धरायची?

उत्तर २: दर पन्नास फुटांवर रुंदी घ्या, सरासरी काढा आणि लांबीनं गुणा. टेपचं दुसरं टोक मालकाच्या हातात द्या.