फ्रँकफर्टहून आई-बाबांसोबत एक दिवस: बाडेन-बाडेन की वीसबाडेन?

रानजाई
मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. हायडलबर्ग झालं, ऱ्हाईनची बोट झाली. आता बाबांना ‘ते गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव’ बघायचंय. ऑफिसात सगळे बाडेन-बाडेन म्हणतात, शेजारीण म्हणते वीसबाडेन. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आहे, दोघंही शाकाहारी. सकाळी निघून रात्री घरी यायचंय. काय करू?

खडीसाखर
वीसबाडेन, डोळे मिटून. बाडेन-बाडेन सुरेख आहे, पण स्टेशन गावाबाहेर, ओस नावाच्या भागात, तिथून परत बस. एका दिवसात आईंची दमछाक होईल. वीसबाडेनला तुमच्या इथून एस-बान (लोकल गाडी) थेट जाते. पाच जणांपर्यंत चालणारं ग्रुपचं दिवसाचं तिकीट काढा, गावातल्या बसलाही तेच चालतं. ट्राम शोधू नका, तिथे नाहीच.

टोपणनाव_सुचत_नाही
+१ वीसबाडेन. फक्त ‘थर्मं’मध्ये (गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह) जाणार असाल तर आधी नीट वाचा! माझ्या मित्राने आई-वडिलांना अशाच एका जुन्या हमामात नेलं (गाव सांगत नाही). काका नवीकोरी स्विमिंग ट्रंक घालून दारात उभे, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, ‘ती काढून ठेवा.’ काकू तिथूनच मागे फिरल्या. पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही म्हणे.

रानजाई
अरे देवा. हे वीसबाडेनलाही आहे का?

खडीसाखर
आहे. कायझर-फ्रीडरिश-थर्मं, १९१३ ची इमारत. आतली फरशी आणि टाइल्स बघत राहाव्या अशा, पण कपडे नाहीत म्हणजे नाहीत. पोहण्याचा पोशाख घालून कोमट पाण्यात डुंबायचं असेल तर आउकामटालचं थर्मलबाड. गुडघ्यांना तेच बरं. वज्रेश्वरीची कुंडं डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका, हा प्रकार सरळ स्विमिंग पुलासारखा आहे.

उंबरठा
मी तिथे सहा वर्षं राहिलोय, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात कोखब्रुनेनपासून करा. नावाचा अर्थच ‘उकळता झरा’, पाणी साधारण ६६ अंश. चौकातल्या कारंज्याच्या दगडावर क्षारांचे पिवळे-तांबूस थर साचलेत, जुन्या बंबाच्या आत साचतात तसे. हिवाळ्यात लांबूनच वाफ दिसते. शेजारच्या मंडपात नळ आहे, फुकट पिता येतं. चव? आमसूल घालायला विसरलेलं, मीठ जास्त पडलेलं सार. बाबांना बीपी आहे ना, मग एक घोट पुरे. हे पाणी रोमन लोकांनाही माहीत होतं. गावाला ते आक्वे मातियाकोरम म्हणायचे, आणि कुरहाउसच्या (गावातली जुनी भव्य इमारत, कॅसिनोही तिथेच) दर्शनी भागावर ‘आक्विस मातियाचिस’ कोरलंय ते त्यावरूनच.

पण खरी मजा नेरोबर्गबानमध्ये, म्हणजे नेरोबर्ग टेकडीवर चढणाऱ्या छोट्या रेल्वेत. १८८८ पासून ही गाडी पाण्याच्या वजनावर चालते. एका दोराला दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत सात हजार लिटरपर्यंत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पाणी सोडून देतात, पंपाने परत वर नेतात. रूळ ४३८ मीटर, चार मिनिटांत खेळ खलास, पण विहिरीवरची मोट पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. चढण एक पाऊलही नाही. हिवाळ्यात बंद असते, तेव्हा तारखा बघून जा. स्टेशनवरून १ नंबरची बस थेट नेरोटालला, म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी सोडते.

वर उतरल्यावर जवळच सोनेरी घुमटांचं रशियन चर्च आहे. नासाऊ या तेव्हाच्या इथल्या संस्थानाचा ड्यूक आडोल्फ याची रशियन बायको एलिझाबेथ १८४५ मध्ये बाळंतपणात गेली, १९ वर्षांचीसुद्धा नव्हती. तिच्या हुंड्याच्या पैशातून त्याने हे बांधलं. आत तिची संगमरवरी समाधी आहे, आवाज न करता बघा.

पत्त्यांचा_डाव
कुरहाउसमधला कॅसिनो राहिला की! रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की त्याच हॉलमध्ये बसून सगळे पैसे हरला. बाबांना दाखवाच.

उंबरठा
त्याच हॉलमध्ये नाही हो. तो इथे १८६५ मध्ये हरला, ‘जुगारी’ ही कादंबरी लिहिली १८६६ मध्ये, आणि आत्ताचं कुरहाउस १९०७ चं. तो १८८१ लाच गेला. जुनी इमारत पाडून त्याच जागी ही बांधली. मागच्या बागेत, कुरपार्कमध्ये, त्याचा अर्धपुतळा आहे, फोटो तिथे काढा. कॅसिनोत खेळायचं तर पासपोर्ट लागेल.

खडीसाखर
खाण्याचं: दशम्या-चटणी बरोबर न्या, कुरपार्कमध्ये तळ्याकाठी बाक भरपूर. कॉफी-केकला काफे माल्डानर, १८५९ पासूनचं. बुधवारी किंवा शनिवारी गेलात तर मार्क्टकिर्षं या चर्चजवळ भाजीबाजार मिळेल. आईंना म्युझियमपेक्षा तोच आवडेल, पैज लावते.

रानजाई
जाऊन आलो! शनिवारीच गेलो. पैज जिंकलीस खडीसाखर, आईने बाजारात पाऊण तास काढला आणि शतावरीच्या जुड्या हातात घेऊन भाव विचारत बसली, मराठीत. बाबा नेरोबर्गबानने दोनदा गेले. दुसऱ्यांदा घड्याळ लावून. थर्मलबाडला वेळच उरला नाही, पुढच्या वेळी.

कोखब्रुनेनचं पाणी बाबांनी एक घोट घेतलं आणि तोंड वाकडं केलं. आईने मात्र बाटली भरून आणलीय. सकाळी बघितलं तर तळाशी तांबूस गाळ. आता ती म्हणतेय, पुण्याला न्यायची, मावशीच्या गुडघ्यांसाठी. हँडबॅगेत चालणार नाही हे तिला तुमच्यापैकी कोणीतरी सांगा.