'व्हिक्टोरिया क्रॉसवाला सुभेदार' म्हणून विकायला आलेला फोटो: पदकं कोणती, पलटण कोणती?

जुना_पुठ्ठा
एका विक्रेत्याकडे हा फोटो आहे. त्याच्या म्हणण्यानुसार 'मराठा पलटण, १८५७, व्हिक्टोरिया क्रॉस'. मागेही तसंच लिहिलंय. पुठ्ठा १०८ × १६५ मिमी, गडद मरून, खाली सोनेरी अक्षरांत 'पूना'. छातीवर बटणांकडून बाहेर असा क्रम:
१) गोल पदक, फीत करडी, दोन्ही कडा गडद.
२) गोल पदक, फीत जवळपास पांढरी, नीट पाहिलं तर उभे पट्टे. फितीवर दोन आडव्या पट्ट्या.
३) पाच टोकांचा गडद तारा, वरच्या आडव्या पट्टीत चंद्रकोर.
पलटण कशी ओळखायची? आणि घ्यावा का?

काचभिंग
व्हिक्टोरिया क्रॉस नाहीच. हिंदी शिपायांना तो खुला झाला १९११ मध्ये, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही सुभेदाराच्या छातीवर तो असू शकत नाही. त्या काळी त्यांच्यासाठी शौर्याचा मान होता इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट (१८३७ पासून, तीन वर्ग), आणि त्याचा तारा आठ टोकांचा. पाच टोकं मोजली तिथेच विषय संपला.
१८५७ सुद्धा जमत नाही. हा पुठ्ठा कॅबिनेट कार्डाचा (जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा फोटो) आहे, आणि तो आकार बाजारात आला १८६६ च्या सुमारास. गडद मरूनवर सोनेरी छपाई म्हणजे साधारण १८८० नंतरचं. जुन्या फोटोची पुढे काढलेली नक्कल असू शकते, पण ती सहसा मऊ दिसते आणि तिच्यात चेहऱ्यापेक्षा पदकांचा तपशील आधी जातो.

फीतवाला
पदकांवर येतो. नवखे लोक इथेच फसतात, कारण फितीचे रंग फोटोत उलटे वाटतात. त्या काळी फोटो घ्यायच्या त्या रसायन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळपास आंधळ्या. म्हणून निळं फिकं उतरतं, किरमिजी आणि पिवळं काळपट. क्रिमियाच्या पदकाची फीत फिकट निळी, कडा पिवळ्या; फोटोत दिसते पांढरी, कडा काळ्या. १८५७ च्या पदकाची पांढरी फीत, तिच्यावर दोन लाल पट्टे: फोटोत पांढऱ्यावर दोन ठळक काळे पट्टे. तसं इथे काहीच नाही.
तुमचं पहिलं: हिरवी फीत, किरमिजी कडा. अफगाणिस्तान, १८७८–८०.
दुसरं: निळे-पांढरे पट्टे, दोन्ही फिके, म्हणून सगळी फीतच पांढरी वाटते. इजिप्त, १८८२–८९.
तिसरा: खदीवचा (इजिप्तच्या तेव्हाच्या शासकाचा) तारा, कांस्याचा, मध्ये स्फिंक्स. हा इजिप्तच्या मोहिमेत गेलेल्यांना मिळायचा, शौर्यपदक नव्हे. तारा आणि इजिप्तचं पदक जोडीने दिसणं अगदी अपेक्षित.

दफ्तरखाना
आता पलटण. सुभेदार अफगाणिस्तानात आणि इजिप्त-सुदानमध्ये, दोन्हीकडे होता. मुंबई फौजेत (ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात) पायदळाची दोन नावं समोर येतात: २८वी आणि २९वी (दुसरी बलुच). २९वी १८८२ मध्ये इजिप्तमधल्या तेल-एल-केबीरच्या लढाईत होती. २८वी १८८० मध्ये कंदहारच्या वेढ्यात आणि १८८५ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात. २२ मार्च १८८५ च्या तोफ्रेकच्या लढाईत हिंदी पायदळाच्या तीन पलटणी होत्या: १५वी शीख, १७वी बंगाल, २८वी मुंबई.
फितीवरच्या आडव्या पट्ट्या (क्लास्प) खालून वर वाचायच्या. 'सुआकिन १८८५' आणि त्यावर 'तोफ्रेक' असेल तर २८वी. 'तेल-एल-केबीर' एकटी असेल तर २९वी. तुमच्याकडे पट्ट्या दोन आहेत, त्यामुळे माझा कल २८वीकडे; शिवाय स्टुडिओही पुण्याचा, म्हणजे मुंबई फौजेच्या भागातला. पण फोटोग्राफर सगळ्या फौजांचे फोटो काढायचे, शिवाय शिपाई बदलून जायचे. अक्षरं वाचल्याशिवाय लेबल लावू नका.
गणवेशावर भरवसा ठेवू नका. लाल कोट आणि गडद हिरवा कोट दोन्ही फोटोत काळेच.
आणि 'मराठा पलटण' हे नाव १९०३ च्या फेरक्रमांकानंतरचं. तेव्हा मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले: ५वीची १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. २८वीची १२८वी पायोनियर्स झाली, तिच्या नावात मराठा नाहीच.

जुना_पुठ्ठा
विक्रेत्याने १२०० डीपीआयचा स्कॅन पाठवला. खालची पट्टी 'सुआकिन १८८५'. वरची अस्पष्ट, पण शेवटचं अक्षर इंग्रजी 'के' वाटतंय. मागचं लिखाण निळ्या बॉलपेनचं.

दफ्तरखाना
बॉलपेन म्हणजे १९४० नंतरचं. मागच्या मजकुराला किंमत शून्य. शेवटी 'के' असेल तर तोफ्रेकच. या पदकाच्या सुआकिनच्या पट्ट्या '१८८४' किंवा '१८८५' ने संपतात.
नाव शोधायचं तर मोहिमेच्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ब्रिटिश खात्याच्या) दफ्तरांत पाहा. पण नाव फोटोवर छापलेलं नाही, म्हणून सुभेदारांची यादी मिळाली तरी हाच चेहरा तो, हे सिद्ध होत नाही. 'ओळख पटलेला' म्हणून मागितलेली जादा रक्कम देऊ नका.

काचभिंग
घेण्याआधी तीन गोष्टी. दहापटीच्या भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर तो फोटो नव्हे, पुस्तकातलं पान. अल्ब्युमेनमध्ये (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या त्या काळच्या फोटोत) पातळ कागदाचे तंतू दिसतात आणि वर बारीक भेगा. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला समजा. आणि पदकांच्या कडा तिरक्या प्रकाशात पाहा: रंगारी कधीकधी ब्रशने पदक ठळक करायचे. तिथे पृष्ठभागाची चमक बदलते. हे खोटेपण असेलच असं नाही, पण मग त्या पट्टीवरची अक्षरं पुरावा म्हणून चालत नाहीत.

ओलसर_कोकण
घेतलात तर ठेवण्याबद्दल. पाकीट पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचं नाही. पीव्हीसी वायू सोडतं, चिकटतं. फोटो पाण्याने पुसू नका, अल्ब्युमेन फुगून तडकतं. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. पावसाळ्यात बंद डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की तापवून परत वापरा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी. कसर पुठ्ठ्याची खळ खाते, म्हणून भिंतीतल्या कपाटात नको.
परदेशातल्या कुणाला पाठवायचा असेल तर थांबा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो; आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.