मदत हवी आहे: १७७३ च्या चहाच्या भावांचे आकडे

अमेरिकन क्रांतीवर तक्ता करतोय. बॉस्टनच्या लोकांनी महाग चहामुळे पेट्या समुद्रात फेकल्या, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला चहा थेट वसाहतींत पाठवायची मुभा मिळाली, त्यामुळे तो उलट स्वस्तच होणार होता. भांडण होतं पौंडामागे ३ पेन्स जकातीचं. ती भरली की आपले प्रतिनिधी नसलेल्या संसदेचा कर लावायचा हक्क मान्य झाला! शिवाय विक्री मोजक्या मर्जीतल्या व्यापाऱ्यांकडे. चहा घेऊन आलेल्या डार्टमाउथ जहाजाची जकात २० दिवसांत भरायची होती, आणि गव्हर्नर हचिन्सन जहाज माल न उतरवता परत जाऊ देईना. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, ३ जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. (चहा चिनी होता, आसामचा नव्हे.)

आता अडलंय ते इथे: कंपनीच्या चहाचा आणि डच चोरट्या चहाचा बॉस्टनमधला घाऊक भाव शेजारी शेजारी दाखवायचाय, तोही बोही या एकाच जातीचा, जाती मिसळल्या की तुलना फसते. मूळ व्यापारी वह्यांतले आकडे कुठे मिळतील? मुंबईच्या पुराभिलेखागारात लंडनहून आलेली १७७२-७५ ची पत्रं कोणी चाळली आहेत का? दप्तर क्रमांक कळला तरी चालेल.