‘आश्रयदाते’ काढायचं की ठेवायचं?

माहुलीकाठ
साताऱ्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाची घटना नव्यानं लिहिणं चाललंय. वर्गणी किती, दंड किती, हे अर्ध्या तासात उरकलं. गाडी अडली ती सभासदांच्या वर्गांवर. जुन्या घटनेत चार वर्ग: साधारण, आजीव, हितचिंतक आणि सगळ्यांत वर ‘आश्रयदाते’. मी म्हटलं, हा चौथा शब्द काढून टाकू. त्यावर एक ज्येष्ठ सभासद काठी टेकत उठले ते थेट चपला शोधायला लागले. दारावरच्या संगमरवरी पाटीत त्यांच्या वडिलांचं नाव आहे, आश्रयदाते म्हणून, वरून तिसरं.

माझं म्हणणं साधं आहे. आश्रय शब्दातला धातू ‘श्रि’, म्हणजे टेकणं, बिलगणं. वेल झाडाचा आश्रय घेते. मग एकरकमी पैसे देणारा तो झाड, आणि दर महिन्याला वर्गणी भरून ‘ते पुस्तक आलं का’ म्हणून तीन हेलपाटे घालणारी बाई ती वेल? वाचनालय टेकलंय कुणावर? इंग्रजीतला पेट्रन तरी कुठं निराळा! लॅटिनमधला ‘पॅट्रोनस’, त्याच्या पोटात ‘पातेर’, म्हणजे बाप. रोममध्ये अशा बापाचे आश्रित सकाळी उठून त्याच्या दारात मुजऱ्याला हजर असायचे. गुलाम मुक्त केला तरी जुना धनी त्याचा पॅट्रोनस म्हणून डोक्यावर राहायचाच. आपलं ‘मायबाप’ याच जातीचं. नुसता बाप पुरला नाही म्हणून आईही जोडून घेतली. आणि या व्यवहारात खालच्या टोकाला जो उभा असतो त्याला मराठीत शब्द आहे: मिंधा. देणाऱ्यासाठी ढीगभर शब्द, घेणाऱ्यासाठी हा एकच. बोला आता.

हळदपेठ
बोलतो की. काढा शब्द, आणि मग पुढच्या पावसाळ्यात छपराचे पत्रे कोण बदलून देतो तेही बघा.

साहेब, मी सांगलीचा. आमच्याकडं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. ते नाटक झालं कशामुळं? संस्थानचे राजे, थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन, यांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघितले आणि आपल्या पदरच्या भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत उभं करा. माणसं, कपडे, तालमी, सगळ्यामागं दरबार. त्याला राजाश्रय नाही म्हणायचं तर काय, अनुदान म्हणायचं?

आणि औंध विसरू नका, ते तर तुमच्या जिल्ह्यातलं. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ, निवडुंग आणि साप. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ती जागा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली, वर कर्जाऊ पैसे दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर तिथं बनले. तो कारखाना मिंधा होता का हो?

माहुलीकाठ
भाव्यांची अर्धीच गोष्ट सांगितलीत. १८५१ ला आप्पासाहेब गेले आणि दरबारचा हात आखडला. तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक महाराष्ट्राचं झालं ते तिथून. राजा गेला नसता तर ते सांगलीच्या वाड्यातच राहिलं असतं, सणासुदीला आप्तेष्टांसाठी.

हळदपेठ
तिकीट हा दुसरा जन्म. पहिल्या बाळंतपणाचा खर्च संस्थानानं केला, तो कुणी फेडला?

शब्दकिडा
तुमच्या भांडणात पडत नाही, पण घेणाऱ्यासाठी एकच शब्द हे साफ चूक. आश्रित, पोष्य, पदरचा, ओशाळा, उपकृत, ऋणी. सगळ्यांच्या माना वेगवेगळ्या कोनात वाकलेल्या. ऋणी माणूस ताठ उभा राहून ‘मी ऋणी आहे’ म्हणतो, भाषणातसुद्धा म्हणतो. मिंधा असं कधी म्हणत नाही, त्याला दुसरे म्हणतात.

देणाऱ्याचे शब्दही वय वाढलं की पोत बदलतात. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, भटजींना दक्षिणा देणारा. आज तो जेवायला बोलावणारा झाला, आणि ‘आमचे यजमान बाहेर गेलेत’ म्हटलं की नवरा. वरदहस्त हा देवाचा हात, मूर्तीत तळवा आपल्याकडं असलेला. आता वर्तमानपत्रात हा शब्द कुठं भेटतो? ‘वाळूउपशाला वरदहस्त कुणाचा?’ देवाचा हात थेट कृष्णेच्या पात्रात. वशिला अरबीतून आला, तिकडं त्याचा अर्थ नुसतं साधन, माध्यम. आपण त्याला कुठल्या कुठं नेऊन बसवलं.

इंग्रजीतही हेच. ‘पेट्रनाइज’ या एकाच क्रियापदानं दुकानातून नेहमी माल घेणंही सांगतात आणि समोरच्याला लहान समजून गोड बोलणंही. कापड बेतायचा पॅटर्न हाही मूळचा पेट्रनच, ज्याच्यावरून गिरवायचं तो. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ ला आपला शब्दकोश काढला, त्यात पेट्रनची व्याख्या करताना त्यानं उद्धटपणे मदत करणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा, अशा अर्थाचं झोडपून काढलंय. कारण घरगुती होतं. लॉर्ड चेस्टरफील्डनं कोशाचं काम चालू असताना ढुंकूनही बघितलं नाही आणि काम संपत आल्यावर कौतुकाचे लेख लिहिले. म्हणजे कोशकारसुद्धा व्याख्येत राग काढतात, हे लक्षात ठेवून माहुलीकाठांनी व्युत्पत्त्या जरा बेतानं वापराव्यात.

चारभिंती
व्युत्पत्तीच काढताय तर आणखी एक काढा. आपला ‘आसरा’ हा आश्रयचाच झिजलेला मुलगा. आश्रय दरबारात राहिला, आसरा पावसात वळचणीला उभा राहिला.

या दोन शब्दांत किती अंतर असतं ते एका माणसाच्या आयुष्यात बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढं १९१३ ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. सयाजीरावांचे उपकार बाबासाहेबांनी कधी नाकारले नाहीत. पण ठरल्याप्रमाणे नोकरी करायला १९१७ ला बडोद्यात उतरले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली. राजाचा आश्रय होता, गावात आसरा नव्हता.

आणि वतन, गावकीच्या पिढीजात चाकरीचं. अरबीत म्हणे त्याचा अर्थ मायभूमी. आमच्या आजोबांना तो शब्द ऐकला की सरकारी टपाल, रात्रीबेरात्रीची हाक आणि जोंधळ्याची चार मुठी आठवायची. गाव म्हणायचं, आम्ही यांना पोसतो. दिवसरात्र राबणाऱ्याला पोसलेला म्हणायचं आणि खळ्यावर बसून माप घालणाऱ्याला पोशिंदा! १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदलाचं विधेयक आणलं ते उगीच नाही. माझं मत: शब्द काढा. पाटी काढा असं मी म्हणत नाही.

कृष्णामाईचा_भाचा
फक्त एक भर: नदीकाठच्या साती आसरा त्या वेगळ्या, त्या अप्सरांच्या आसरा. त्यांच्याकडं आश्रयाला जाऊ नये, त्या ओढून नेतात. आमची आजी सांगायची. (वाईट वाटून घेऊ नका चारभिंती, तुमचं म्हणणं मनाला लागलं, म्हणूनच बहुतेक जीभ भलतीकडं गेली.)

बाकी पेट्रन म्हणजे बाप म्हणताय, तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतलं राजकारण बघा की. नेता कुठल्याही पक्षाचा असो, तो आबा, दादा, आण्णा, नाना, बापू, भाऊ यातलाच कुणीतरी. रोमन लोकांनी फक्त बाप घेतला, आपण अख्खं घर घेतलं. चौकातल्या फ्लेक्सवर ‘आमचे आधारस्तंभ’, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, प्रत्येकाला वाटतं आपला फोटो स्तंभाच्या जरा जवळ हवा होता. आणि सरकारी यादीत ‘पालकमंत्री’ आहेच. जिल्हा अजून अज्ञान, पालकाशिवाय सही चालत नाही.

तारतंबोरा
मिरजेतून. आमच्या गल्लीत तंबोरे, सतारी बनतात. आमच्यातले मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचं काम संपत गेलं तसे भोपळ्याला तारा लावायला शिकले. संस्थानानं त्यात मदत केली, हे आम्हीही मानतो. पण पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली ती गिऱ्हाइकावर. गवई येतो, मांडी घालून बसतो, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कानाला लावून बघतो, नाक मुरडतो, परत घासायला लावतो, वर पैशाला घासाघीस करतो. त्याला आश्रयदाता म्हटलं तर तोच हसेल. पण तो आला नाही तर दुकान बंद.

जुन्या व्यापारी पत्रांत शेवटी लिहायचे, ‘लोभ असावा ही विनंती’. मला तो शब्द फार पटतो. आश्रय नाही, कृपा नाही, लोभ. दोन्ही बाजूंनी असू शकतो. आता ‘पुन्हा भेट द्या’ लिहितात.

हळदपेठ
सभासदांचा वर्ग ‘लोभी’ ठेवा मग!

गोळेश्वर_फाटा
चेष्टा पुरे, एक प्रश्न विचारतो. कराडजवळचं गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला ते गेले, खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. राजाश्रय, मान्य. तिथं सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. तेवढ्यानं भागेना तेव्हा ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं.

आता सांगा, खर्डेकरांना काय म्हणायचं? आश्रयदाता म्हणावं तर त्यांच्याकडं देण्यासारखं नव्हतं, म्हणून तर घर गहाण पडलं. देणगीदार म्हणावं तर पावती कुठली? प्रायोजक म्हटलं तर जिभेला चटका बसतो. मराठीत या माणसासाठी शब्द आहे का नाही?

शब्दकिडा
कृतीसाठी आहे. पदरमोड. गंमत बघा, ‘पदरी बाळगणं’ आणि ‘पदरमोड करणं’, पदर तोच. पहिल्यात तो दुसऱ्याच्या डोक्यावर धरलेला असतो आणि धरणाऱ्याचा मान वाढतो. दुसऱ्यात त्याच पदराच्या गाठीचे पैसे मोडलेले असतात आणि बहुतेक वेळा घरात भांडण झालेलं असतं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढं साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. तीही पदरमोडच. पण करणाऱ्या माणसाला नाव मात्र नाही. ‘पदरमोड्या’ म्हणून बघितलं, शिवीसारखं वाटतं.

चारभिंती
नाव नाही कारण अशा माणसांनी पाट्या लावल्या नाहीत. पाटी असती तर शब्दही झाला असता.

हळदपेठ
हे मात्र एकतर्फी झालं. पाटी लावणारा प्रत्येक जण खोटा नसतो. आमच्या वडिलांनी गावच्या शाळेला एक खोली बांधून दिली, नाव कोरून घेतलं, खरं आहे. ती खोली अजून गळत नाही, हेही खरं आहे. नाव काढून घेतलं तर पुढचा देणारा हातच घालणार नाही खिशात. तुम्ही लाचारीवर बोलताय, मी छपरावर बोलतोय. आणि औंधच्या राजांचं मी अर्धंच सांगितलं, त्याचं तुम्ही कुणी उत्तरच दिलं नाही.

माहुलीकाठ
देतो. औंध तुम्ही काढलंत म्हणून मी अडचणीत आलो, हे कबूल करतो. त्याच भवानरावांनी १९३९ ला संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. गांधीजींचा सल्ला होता. आपण होऊन गादीवरून खाली सरकणारा आश्रयदाता मला दुसरा पटकन आठवत नाही. तरी त्यांचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं, असं आता वाटतंय. पाटी लावून वर बसण्यापेक्षा त्यांनी सहीचा हक्क देऊन टाकला.

हळदपेठांचं छप्पर मात्र मला नाकारता येत नाही. काल ग्रंथपालांबरोबर जुनी पावतीपुस्तकं काढली. काठी टेकत निघून गेलेल्या त्या काकांच्या वडिलांनी एकदा कपाटं दिलेली आहेत, सागवानी, आजही तीच वापरात आहेत. त्याच पुस्तकात एका शिक्षिकेची दर महिन्याची आठ आण्यांची नोंद आहे, सलग अठरा वर्षं, एकही महिना चुकलेला नाही. दोन्ही नोंदी एकाच शाईतल्या. पाटीवर बाईंचं नाव नाही.

काकांना फोन केला. कपाटांचं सांगितलं तर खूश झाले. शब्दाचं काढलं तर म्हणाले, ‘तुम्ही मास्तर लोक शब्द बदलता, कुलूप तेच राहतं.’ पण सभेला येतो म्हणाले.

कृष्णामाईचा_भाचा
‘आधार सभासद’ कसं वाटतं? छोटा, सोपा.

शब्दकिडा
पहिला सभासद कार्ड घेऊन येईल लिंक करायला.

तारतंबोरा
आमच्याकडचा ‘लोभ’ विचारात घ्याच. ‘स्नेही’ म्हणा हवं तर.

गोळेश्वर_फाटा
स्नेही चालेल. पण आठ आणेवाल्या बाई आणि कपाटवाले आजोबा दोघंही त्याच रकान्यात घाला, रक्कम समोर लिहायची तर लिहा.

हळदपेठ
रक्कम लिहा, आणि वर्षं पण लिहा. अठरा वर्षं बघून मीच जरा गप्प झालो. मसुद्यात ‘स्नेही’ला माझा विरोध लिहून ठेवा, मत मात्र तुम्हाला. पत्र्यांचा अंदाज पण मागवा.

माहुलीकाठ
पत्र्याचे दोन अंदाज आलेत, तिसरा कराडहून यायचाय. सभा येत्या रविवारी दहाला, वाचनालयातच. मसुद्यात त्या जागी सध्या टिंबं टाकलीत. याहून बरा शब्द कुणाला सुचला तर शनिवार संध्याकाळपर्यंत टाका, आणि कृपा करून ‘आधार’ नको.