मदत हवी आहे: अपाची (अमेरिकेतली एक आदिवासी जमात) वंशाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार्ल्स स्टीव्हन्स या नटाबद्दल

नमस्कार मंडळी. जॉन फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (1946) अर्धवट दाढी झालेला हेन्री फोंडा दारूच्या नशेत गोळ्या झाडणाऱ्या 'इंडियन चार्ली'ला पाय धरून फरफटत बाहेर आणतो, आठवतंय? तो चार्ली म्हणजे चार्ल्स स्टीव्हन्स. जन्म अ‍ॅरिझोनातला, 1893 चा. मूकपटांच्या काळातला मोठा नायक डग्लस फेअरबँक्स याचा हा जिवलग दोस्त. फेअरबँक्सच्या बहुतेक सगळ्या चित्रपटांत दिसतो. 1921 च्या 'द थ्री मस्केटियर्स'मध्ये तर चक्क प्लँशे, म्हणजे फ्रेंच नोकर! बोलपट आले आणि वाट्याला उरले दारुडे, डाकू, वाटाडे. मला हे फार लागलं. 'क्लेमेंटाइन'मधलं ते दृश्य पुन्हा पाहताना फोंडापेक्षा माझी नजर त्याच्याकडेच जाते.

आमच्या फिल्म सोसायटीत त्याच्यावर अर्धा तास बोलायचंय. दोन गोष्टी हव्यात. त्याचे फेअरबँक्सबरोबरचे मूकपट चांगल्या प्रिंटमध्ये कुठे बघता येतील? आणि 'जेरोनिमोचा (प्रसिद्ध अपाची लढवय्या) नातू' अशी त्याची ओळख सगळीकडे छापलेली असते. तिला जनगणना किंवा जन्मनोंदीचा आधार कुणी तपासलाय का? अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला अ‍ॅरिझोनातले जुने दप्तर बघणं जमलं तर फार उपकार होतील. ऐकीव माहिती मला व्यासपीठावरून सांगायची नाही.