मदत हवी आहे: चिपळूणला जाताना कोयना धरण नीट कुठून बघता येईल?

कृष्णाकाठ (सांगली): नमस्कार. ऑगस्टमध्ये सांगलीहून कऱ्हाड-पाटणमार्गे गाडीनं चिपळूणला जायचंय. वाटेत कोयनानगरला तीन तास थांबून धरण बघायचंय. सोबत सत्तरीची आई आणि नववीतली मुलगी. भूकंपात भिंतीला तडे गेले ती जागा मुलीला बघायचीय. धरणावर सोडतात का? दरवाजे उघडलेले कधी दिसतील? पोफळीचं वीजगृह बघता येतं का?

घाटवाट: धरणभिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत. पहाऱ्यावरच्या माणसांशी हुज्जत घालू नका, तिथं फोटोही काढू नका. नेहरू उद्यानातून भिंत समोरून दिसते आणि आईंनाही फार चालावं लागत नाही. ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी लगेच पुढं निघू नका, अर्धा तास थांबा. सर ओसरली की भिंत मोकळी होते.

दरवाज्यांचं म्हणाल तर धरण काठोकाठ भरायची वाट बघत नाहीत. त्या तारखेला जेवढा साठा ठेवायचा ठरलेला असतो, त्यापेक्षा जास्त व्हायला लागला की सोडतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी विसर्गाचा आकडा बघा. नुसता 2100 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) असेल तर तो धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचा, म्हणजे सहाही वक्र दरवाजे बंद. त्यापेक्षा मोठा आकडा असेल तरच सांडवा, म्हणजे दरवाज्यांतून जादा पाणी सोडायचा भाग, वाहतोय. विसर्ग वाढला की मूळगावच्या पुलावर पाणी येतं, म्हणून पाटणजवळ नदीपलीकडच्या वाटा धरू नका. भोंगा वाजला तर नदीपात्रात क्षणभरही थांबू नका.

दगडचुना: तड्यांबद्दल. भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा. भिंत 103 मीटर उंच, साधारण 807 मीटर लांब. उद्यानातून बघताना सांडव्याच्या दोन्ही बाजूंची भिंत न्याहाळा. खालचा भाग तिरका उतरतो, वरचा जवळजवळ उभा आहे. हा उतार बदलतो ती जागा पायापासून सुमारे 66 मीटरवर, आणि तडे मुख्यतः तिथंच गेले. भिंत हलली तेव्हा वरचा जड भाग मागंपुढं झुलला आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा झाला. संकल्पचित्रात भूकंपाचा जोर गुरुत्वाच्या फक्त 5 टक्के धरला होता, प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त बसला. तरी भिंत टिकली, हे मुलीला आवर्जून सांगा.

तडे मात्र आता दिसणार नाहीत. ते बुजवून खालच्या अंगानं काँक्रीटचे आधार चढवले. मधल्या सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण बरंच नंतर, 2006 च्या सुमारास पुरं झालं. डोळ्यांत भरणारे उभे जाड टेकू म्हणजे तेच काँक्रीटचे आधार. दुर्बीण जरूर न्या.

घाटवाट: पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. आयत्या वेळी दारात जाऊन आत सोडत नाहीत, महानिर्मितीकडं (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) आधी लेखी अर्ज करावा लागतो. तीन तासांत ते बसणार नाही, या खेपेला सोडून द्या. त्याऐवजी मुलीला पाण्याची वाट समजावा. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं त्यातलं 67.5 टीएमसी पश्चिमेकडं वळवायला मुभा दिली. ते पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं, पोफळीची चक्रं फिरवून कोळकेवाडीत साठतं, तिथं पुन्हा वीज देतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. चिपळूणच्या पुलावर उभं राहिलात की त्यातलंच पाणी पायाखालून जातं.

कृष्णाकाठ: फार उपयोग झाला. कुंभार्ली घाट उतरताना काय जपायचं?

घाटवाट: उजेडात उतरा, दुपारी तीनच्या आत कोयनानगर सोडा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरा, इंजिनालाच वेग अडवू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागून खोल जातं, कारण ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते. असं झालं तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. धुक्यात हेडलाइट खालीच ठेवा, अप्पर मारला की समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. वळणावर धबधब्यासाठी थांबू नका, मागून ट्रक येतात आणि वरून दगडही सुटतात. पेट्रोल कऱ्हाडलाच भरून घ्या.